नवी गाडी सारखी सर्व्हिस सेंटरला उभी राहत असेल तर काय करायचं (बेळगाव, खानापूर, निपाणीवाल्यांसाठी)

आधी एक गैरसमज काढून टाकूया. नवीन गाडी तीनदा बिघडली की कंपनीला ती बदलून द्यावीच लागते असं व्हॉट्सॲपवर फिरत असतंय, तसला कुठला कायदा आपल्याकडे नाही. अमेरिकेत लेमन लॉ आहे, आपल्याकडे नाही. आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे, तो २० जुलै २०२० पासून लागू झाला, आणि त्यात गाडी बदलून मिळणं, पैसे परत मिळणं, नुकसानभरपाई हे सगळं बसतंय पण तुम्ही सिद्ध केलं तर. आणि हे सिद्ध करायचं काम वकिलाकडे गेल्यावर सुरू होत नाही, पहिल्यांदा गाडी घेऊन सर्व्हिसला गेलात त्या दिवशीच्या जॉबकार्डपासून, म्हणजे गाडी आत घेताना तक्रार लिहितात त्या कागदापासून सुरू होतंय. आपल्याकडची माणसं शोरूममध्ये जाऊन भांडतात लई, आवाज चढवतात, चार पोरं घेऊन जातात, पण हातात कागद बघायला गेलं तर एक नसतो. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

आधी बघा, बिघाड आहे का गाडीचा स्वभाव आहे

हे कुणाला आवडत नाही ऐकायला, पण निम्म्या तक्रारी इथंच मिटतात.

एएमटी गिअरची गाडी घेतली असेल तर ती गिअर बदलताना थोडी डुलणारच, क्लच दाबायचं काम मशीन करतंय आणि ते तुमच्या पायाइतकं हुशार नाही. ट्रायल घेताना काँग्रेस रोडला एक चक्कर मारलेली असते, मग चोर्ला घाटात गेल्यावर कळतंय की अरे हे काय. तो बिघाड नाही. पण चढावर गिअर सुटून न्यूट्रलला जात असेल तर तो मात्र बिघाड आहे.

बीएस-६ डिझेल घेतलेल्यांचं वेगळंच. सायलेन्सरच्या लायनीत डीपीएफ म्हणून फिल्टर असतो, त्यात काजळी साठते आणि गाडी एकसारखी पळाली की गरम होऊन ती जळून जाते. आता गाडी जर रोज टिळकवाडी ते शहापूर आणि परत, इतकीच फिरत असेल तर तो फिल्टर साफ व्हायला चान्सच मिळत नाही, लाईट लागते, पिकअप जातंय, आणि सर्व्हिसवाले म्हणतात वापरामुळे चोकअप झालाय, वॉरंटीत नाही, बिल भरा. त्यांचं म्हणणं तिथं चुकीचंही नसतं. लाईट लागल्या लागल्या गाडी हायवेला काढा, हत्तरगी टोलच्या दिशेनं वीस-पंचवीस मिनिटं मधे न थांबता चालवा, बहुतेक वेळा लाईट जाते. नेमकं काय करायचं ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतंय, आपण ते पुस्तक ग्लोव्हबॉक्समधनं काढतच नाही हा भाग वेगळा. हायवेला नीट पळवूनसुद्धा लाईट परत परत येत असेल तर मग फिल्टरचा नाही, इंजेक्टर, ईजीआर (धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) नाहीतर सेन्सरचा विषय असू शकतो आणि तो कंपनीचा.

उंदीर. हसू नका. पावसाळ्यात इंजिनच्या उबेला उंदीर येऊन बसतात, शेताकडेला, उसाजवळ, गोठ्याशेजारी गाडी लावणाऱ्यांच्या वायरी कुरतडलेल्या किती बघितल्यात. एक सेन्सरची वायर तुटली की डॅशबोर्डवर अर्ध्या लाईटी लागतात आणि गाडी घेणारा म्हणतो माल फॉल्टी आहे. हे वॉरंटीत येत नाही. बॉनेट उघडून एकदा स्वतः बघून घ्या, लेंड्या दिसल्या की विषय कळला.

आणि बाहेरनं बसवलेलं सामान. शोरूममध्ये ॲक्सेसरीज महाग म्हणून गाडी मिळाल्या मिळाल्या बाहेर नेऊन वायर कट करून हॉर्न, फॉग लॅम्प, ॲम्प्लिफायर, डॅशकॅम बसवतात, मग सकाळी बॅटरी डाऊन. कंपनीला तेवढंच कारण पुरतंय, इलेक्ट्रिकलची सगळी वॉरंटी नाकारायला. आधीच बसवलेलं असेल आणि वायरिंगची तक्रार असेल तर ते काढून, गाडी मूळ अवस्थेत आणून आठ दिवस वापरून बघा, तरी बॅटरी उतरत असेल तर तुमची बाजू पक्की.

हे सगळं वजा करून जे उरतंय, म्हणजे चालता चालता इंजिन बंद पडणं, पॉवर अचानक जाणं, गिअर न पडणं, कूलंट कमी होणं पण गळती न दिसणं, स्टेअरिंग जड होणं, पावसात गाडीच्या आत पाणी येणं, हे खरे बिघाड. ब्रेक, स्टेअरिंग किंवा पेट्रोलचा वास अशी तक्रार असेल तर मात्र पुरावा बिरावा नंतर, गाडी चालवत नेऊच नका, टो करायला सांगा.

पुरावा कसा ठेवायचा

सर्व्हिस सेंटरला गाडी नेली की ती शहाण्यासारखी वागते, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळं व्हिडिओ पाहिजेच. चालवणाऱ्यानं शूट करायचं नाही, शेजारी बसलेल्यानं करायचं. आधी ओडोमीटर, मग लागलेली लाईट, मग आरपीएमचा काटा, सगळं एकाच क्लिपमध्ये न तोडता, आणि तोंडानं बोलायचं: आज अमुक तारीख, काकतीच्या पुढं आहोत, तिसरा गिअर, ॲक्सिलेटर पूर्ण दाबलाय, काटा दोन हजारच्या वर जात नाही. इतकं एका मिनिटात होतंय. ती ओरिजिनल फाईल फोनमध्ये ठेवा आणि ड्राईव्हवर चढवा, व्हॉट्सॲपवरनं फिरलेली कॉपी दाबून लहान झालेली असते आणि तारीख-वेळ पण जाते. पुढं केस ग्राहक आयोगात गेली आणि ती क्लिप तिथं लागली तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं सर्टिफिकेट जोडावं लागतंय, आता ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली असतंय, मूळ फोन जवळ असला की ते सोपं जातंय.

रस्त्यात बंद पडली तर ओळखीच्या मेकॅनिकला फोन लावायच्या आधी कंपनीच्या रोडसाईड असिस्टन्सला लावा. वेळ लागतोय, मान्य, खानापूरच्या पुढं रेंज पण नसते. पण त्यांच्या मेसेजमध्ये तक्रार नंबर येतो, तारीख, वेळ, जागा सगळं त्यांच्याच सिस्टीमला नोंद होतंय, नंतर कंपनी म्हणू शकत नाही की आम्हाला माहीतच नव्हतं. ओळखीचा मेकॅनिक येऊन काहीतरी ठोकून गाडी चालू करून देतो, त्याची नोंद कुठंच नसते, उलट बाहेरच्या माणसानं हात लावला म्हणून आपल्यावरच येतंय.

जॉबकार्ड, इथंच सगळं ठरतंय

माझ्या एका मावसभावाची गोष्ट सांगतो, निपाणीचा आहे. डिझेल एसयूव्ही, कंपनीचं नाव घेत नाही. तवंदी घाट चढताना मधेच पॉवर जायची, गाडी लिम्प मोडला (इंजिन वाचवायला गाडी स्वतःच पॉवर कमी करते तो) जाऊन बैलगाडीसारखी चालायची, मागनं ट्रकवाले हॉर्न मारून जीव काढायचे. बाजूला घेऊन बंद करून परत चालू केली की एकदम ठीक. हा दरवेळी सर्व्हिसला न्यायचा, दरवेळी ते स्कॅनर लावायचे, कोड उडवायचे, धुवून द्यायचे. वर्षभरानं कंपनीला मेल केला तर उत्तर आलं की आमच्या रेकॉर्डला पॉवर लॉसची तक्रारच नाही. जॉबकार्ड सगळे काढून बघितले तर एकावर ‘जनरल चेकअप’, एकावर ‘पिकअप लो, चेक अँड ॲडव्हाईज’, एकावर नुसतं ‘वॉशिंग’. घाटात गाडी मरते हे एकाही कागदावर नव्हतं.

तर जॉबकार्ड उघडताना ॲडव्हायझर टॅबवर टाईप करत असतो तेव्हा शेजारी उभं राहा. तो आपली भाषा सोडून त्याच्या भाषेत लिहितो, त्याच्या यादीतनं एक ओळ सिलेक्ट करतो. त्याला सांगायचं की मी सांगतो ते वाक्य तसंच घाल: “घाट चढताना तिसऱ्या गिअरला अचानक पॉवर जाते, चेक इंजिन लाईट लागते, बंद करून चालू केल्यावर ठीक होते, हीच तक्रार मागच्या वेळी पण होती, मागचा जॉबकार्ड नंबर अमुक.” त्याला कन्नडच बरं पडत असेल तर इंग्रजीत लिहून द्या, वाक्य आधीच फोनमध्ये तयार ठेवा म्हणजे काउंटरला गडबड होत नाही. ‘सिस्टीममध्ये एवढं मोठं बसत नाही सर’ म्हणाला तर प्रिंट काढायला लावून पेननं लिहा, मग सही करा, आणि फोटो काढा. त्याच संध्याकाळी तेच वाक्य सर्व्हिस सेंटरच्या मेलवर आणि कॉपी कंपनीच्या कस्टमर केअरला. रागावून लिहायचं नाही, दोन ओळी पुरतात.

दुसरं, कोड उडवायच्या आधी स्कॅनचा प्रिंट नाहीतर स्क्रीनचा फोटो मागा. गाडीत काय झालं होतं ते त्या कोडमध्ये असतंय, म्हणजे पी०२९९ आला तर टर्बोचं प्रेशर कमी पडतंय, पी२४६३ आला तर डीपीएफमध्ये काजळी जास्त झालीय. एकदा क्लिअर केलं की पुरावा गेला. तोच कोड तीन वेगवेगळ्या तारखांना आलेला कागदावर दिसला तर त्याच्यासारखा साक्षीदार नाही. हजार-दीड हजारात ब्लूटूथचा ओबीडी डोंगल मिळतो, फोनला जोडून स्वतः वाचता येतंय, फक्त वाचायचं, क्लिअरचं बटण दाबायचं नाही.

तिसरं, टेस्ट ड्राईव्ह. बिघाड चढावर येत असेल तर उद्यमबागच्या सपाट रस्त्यावर एक फेरी मारून ‘ओके’ म्हणायला काय जातंय त्यांचं. टेक्निशियनला शेजारी बसवून जिथं होतंय तिथं न्या, वेळ द्या, डिझेल तुमचंच जाईल, जाऊ दे. सकाळी थंड इंजिनला होत असेल तर आदल्या संध्याकाळी गाडी सोडून या आणि सकाळी पहिला स्टार्ट तुमच्यासमोर मारायला सांगा. ‘नॉर्मल ऐत्रि सर, एल्ला गाडीगू हिंगे’ (नॉर्मल आहे सर, सगळ्या गाड्यांना असंच) असं म्हणाला तर हसून म्हणायचं, बरं, मग तसंच जॉबकार्डवर लिहून द्या, की ही तक्रार बघितली आणि ती नॉर्मल आहे. हे लिहून द्यायची वेळ आली की अर्धे लोक परत बॉनेट उघडतात.

गाडी परत घेताना बंद झालेल्या जॉबकार्डची कॉपी, त्यावर काय तपासलं, कुठला पार्ट बदलला, सॉफ्टवेअर अपडेट केलं असेल तर तसा उल्लेख. वॉरंटीत काम झालं म्हणून बिल शून्य असलं तरी ते शून्याचं बिल मागून घ्या. ‘नो फॉल्ट फाउंड’ लिहिलं तरी चिडू नका, तुम्ही त्या तारखेला ती तक्रार घेऊन आला होता हे तर त्यानं सिद्ध होतंय. गाडी किती दिवस तिथं होती ते दिसलं पाहिजे, आत घेतलेली तारीख आणि बाहेर सोडलेली तारीख. आणि सर्व्हिसनंतर फीडबॅकचा फोन येतो त्याचं ते ‘सर, टेन रेटिंग कोड्री’ (दहापैकी दहा द्या) प्रकरण, बिचाऱ्या पोराचा इन्सेंटिव्ह त्यावर असतोय हे खरंय, पण काम झालं नसताना ‘पूर्ण समाधानी’ म्हणून दहा दिलेत की तेच उद्या तुमच्यासमोर धरतात. नाही द्यायचं, नाहीतर फोनच उचलायचा नाही.

रेग्युलर सर्व्हिस मात्र चुकवायची नाही. भांडण चालू आहे म्हणून रागानं सर्व्हिस बाहेर केली, की त्यांना तेच पाहिजे असतंय.

दुसऱ्या डीलरकडे

आपण बॉर्डरवर राहतो त्याचा एक फायदा इथं आहे. वॉरंटी कंपनीची असते, डीलरची नाही, त्यामुळं बेळगावात घेतलेली गाडी कोल्हापूर, हुबळी, गोवा कुठंही त्याच कंपनीच्या सर्व्हिसला दाखवता येतंय. निपाणी-चिक्कोडीवाल्यांना तर कोल्हापूर बेळगावापेक्षा जवळ. एका ठिकाणी दोन-तीनदा हात टेकले की दुसरीकडे न्या. कधी कधी खरंच तिथं चांगला डायग्नोसिस करणारा माणूस भेटतो आणि एका दिवसात विषय संपतो. नाही संपला तरी दोन वेगळ्या डीलरच्या कागदावर तीच तक्रार आली म्हणजे ‘त्या डीलरला जमलं नाही’ ही पळवाट कंपनीला उरत नाही.

पण बॉर्डरचा तोटा पण आहे. कर्नाटकात लाईफ टॅक्स (एकदाच भरायचा रोड टॅक्स) जास्त, दहा ते वीस लाखांच्या गाडीला १७ टक्के आणि वर त्या टॅक्सवर सेस, म्हणून कुणीतरी पाहुण्याच्या पत्त्यावर एमएच-०९ किंवा गोव्याचं पासिंग करून आणतो. कायद्यानं गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली की तिथला नंबर घ्यावा लागतो, तो विषय बाजूला ठेवू, पण गाडी खराब निघाली तर बिल पाहुण्याच्या नावावर, लोन तिसऱ्याच्या नावावर, वापरतोय आपण, आणि तक्रार कोण करणार? कायद्यात मालकाच्या परवानगीनं वापरणारा पण ग्राहकच धरलाय, तरी समोरचा वकील पहिले चार महिने त्यातच घालवतो. अजून गाडी घ्यायची असेल तर बिल, आरसी आणि पैसे भरलेलं खातं एकाच माणसाचं ठेवा.

वर कळवायचं कसं

क्रम असा: सर्व्हिस मॅनेजर, मग डीलरचा जीएम, मग कंपनीचं कस्टमर केअर. कंपनीचा एक एरिया सर्व्हिस मॅनेजर असतो, तो डीलरकडे ठराविक दिवशी फेरी मारतो, त्याची भेट मागा, त्याच्यासमोर गाडी चालवून दाखवा आणि त्या दिवशीचं पण जॉबकार्ड काढायला लावा. फोनवर जे बोलणं झालं ते संध्याकाळी मेलवर टाकायचं, “आज आपण फोनवर असं असं म्हणालात” म्हणून. मेलमध्ये तारखा, किलोमीटर, जॉबकार्ड नंबर, गाडी एकूण किती दिवस आत होती, आणि शेवटी तुम्हाला काय पाहिजे ते स्पष्ट. ‘न्याय मिळावा’ असं नको, ‘इंजेक्टर आणि पंप बदलून द्या, पंधरा दिवसांत, नाहीतर गाडी परत घेऊन पैसे द्या’ असं.

कंपनीनं त्याच बिघाडासाठी रिकॉल काढलाय का ते चासीस नंबर टाकून कंपनीच्या वेबसाईटवर बघता येतंय. सरकारनं पण १ एप्रिल २०२१ पासून सुरक्षेच्या दोषांसाठी रिकॉलचे नियम लागू केलेत, सात वर्षांच्या आतली गाडी असेल तर परिवहनच्या पोर्टलवर तक्रार टाकता येते. एकट्याच्या तक्रारीनं काही हलत नाही, ठराविक संख्येनं तक्रारी आल्या की चौकशी लागते, तरीपण टाकून ठेवा, पाच मिनिटांचं काम.

मग १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन. मराठीत बोलता येतंय, फुकट आहे. हे कोर्ट नाही, ते फक्त कंपनीकडे तक्रार पाठवून उत्तर मागतात, पण मोठ्या कंपन्यांचं तिथं वेगळं डेस्क असतंय आणि डीलरनं दाबून ठेवलेली गोष्ट वर पोचते. इथं नाही मिटलं तर वकिलाची नोटीस, स्पीड पोस्टनं, डीलर आणि कंपनी दोघांना, पोचपावती जपून.

आयोगात जायचं ठरलं तर

बऱ्याच जणांना वाटतंय गाडी कोल्हापूरला घेतली म्हणजे केस पण कोल्हापूरला, नाहीतर कंपनीचं ऑफिस दिल्ली-चेन्नईला म्हणजे तिकडं जावं लागेल. नाही. २०१९ च्या कायद्याच्या कलम ३४ मध्ये तक्रारदार जिथं राहतो किंवा काम करतो तिथंच तक्रार करायची सोय आहे. तुम्ही खानापूरला राहत असाल तर बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात, गाडी कुठंही घेतलेली असू दे. पन्नास लाखांपर्यंत पैसे मोजलेली गाडी जिल्ह्यातच बसते. फी बघितली तर आश्चर्य वाटेल: पाच लाखांपर्यंत काही नाही, पाच ते दहा लाखांना २०० रुपये, दहा ते वीसला ४००, वीस ते पन्नासला १०००. वकील पाहिजेच असं नाही, पण गाडीच्या केसमध्ये मी म्हणेन करा, कारण तज्ज्ञाचा रिपोर्ट, उलटतपासणी हे आपल्याला झेपत नाही. तक्रार ऑनलाईन, ई-जागृती या सरकारी पोर्टलवर भरता येतंय. कागद इंग्रजीत किंवा कन्नडात करा, कोल्हापूरच्या डीलरचं काही पत्र मराठीत असेल तर भाषांतर सोबत जोडलेलं बरं. मुदत दोन वर्षं. ती कुठल्या तारखेपासून मोजायची यावर समोरचे वाद घालतात, म्हणून ‘वॉरंटी संपेपर्यंत बघू’ असं करत बसू नका.

पार्टी कोण करायची, तर डीलर आणि कंपनी दोघं, नेहमी. गोव्यातलीच एक केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली होती, २०२१ चा निकाल. नवीन मॉडेल म्हणून डीलरनं दोन वर्षं जुन्या सालातली, आधीच चाललेली गाडी गळ्यात मारली होती. कोर्ट म्हणालं कंपनी आणि डीलरचा व्यवहार दोन स्वतंत्र मालकांमधला आहे, डीलरनं केलेल्या लबाडीची माहिती कंपनीला होती हे सिद्ध झालं नाही तर कंपनीला धरता येत नाही. म्हणजे तक्रारीत दोन गोष्टी वेगळ्या मांडा: माल खराब असेल ते कंपनीवर, सर्व्हिस खराब किंवा फसवणूक असेल ते डीलरवर. सगळं एकत्र कालवलं की दोघं एकमेकांकडे बोट दाखवून मोकळे. (डिलिव्हरी घ्यायच्या आधी चासीस नंबरवरनं बनल्याचा महिना-साल आणि टायरवरचा चार आकडी कोड, म्हणजे आठवडा आणि साल, बघायची सवय लावा, पासिंग व्हायच्या आधी. नंतर बघून उपयोग नाही.)

आता कडू भाग. गाडी बदलून मिळणं अवघड आहे. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानं एका क्लचच्या केसमध्ये म्हटलं होतं की वॉरंटीच्या अटीत खराब पार्ट बदलून देणं आहे, अख्खी गाडी नाही, आणि गाडी बदलून द्यायचा हुकूम फिरवला होता. कंपन्यांचे वकील अजून तोच निकाल घेऊन येतात. त्यामुळं ‘उत्पादनातलाच दोष आहे आणि तो दुरुस्त होत नाही’ हे दाखवावं लागतंय, आणि ते तज्ज्ञाच्या रिपोर्टशिवाय फारसं टिकत नाही. कलम ३८ खाली आयोग गाडी तपासायला पाठवू शकतो, तपासणीची फी आधी तुम्हालाच भरावी लागते. तज्ज्ञ कोण, तर इंजिनिअरिंग कॉलेजचा ऑटोमोबाईल-मेकॅनिकलचा प्राध्यापक वगैरे, व्हीटीयूचं (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ) मुख्यालयच बेळगावात आहे म्हटल्यावर इथं माणसं मिळायला हरकत नाही. वकिलाला सांगून हा अर्ज सुरुवातीलाच टाका, कारण गाडी दोन वर्षं उभी राहिल्यावर तपासली तर प्राध्यापक तरी काय सांगणार. कायद्यात तपासणी नसेल तर तीन महिने आणि असेल तर पाच महिन्यांत निकाल लावायचा प्रयत्न करावा असं आहे, प्रत्यक्षात जास्त लागतात, मनाची तयारी ठेवा.

मागणी म्हणून पायऱ्या ठेवा. पहिली गाडी बदलून, ती नाही तर पैसे परत व्याजासह, ती नाही तर दोष पूर्ण काढून देणं, वॉरंटी वाढवून आणि भरपाई. पैसे मागताना एक्स-शोरूमवर थांबू नका. बारा लाखांच्या गाडीला नुसता रोड टॅक्सच दोन लाखांच्या वर गेलेला असतोय, इन्शुरन्स, लोनचं व्याज, गाडी आत असताना भाड्यानं केलेल्या गाड्यांची बिलं, सगळं लिहा, आयोग त्यातलं काय देईल ते देईल, पण मागितलंच नाही तर मिळणार कुठनं.

गाडी कंपनीच्या किंवा फर्मच्या नावावर असेल तर ‘व्यापारी कारणासाठी घेतली’ म्हणून ग्राहकच नाही असा मुद्दा येतो. स्वतः चालवून पोट भरणाऱ्या टॅक्सीवाल्याला मात्र कायद्यानं त्यातनं वगळलंय, पिवळी पाटी आहे म्हणून आयोगात जाता येत नाही असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. आणि लोनचा हप्ता बंद करू नका. बँकेचा आणि गाडीच्या बिघाडाचा काही संबंध नाही, हप्ता थकला की तुमचा सिबिल जाणार आणि गाडी उचलून नेली तर तपासायला हातात काही राहणार नाही.

तडजोड झाली तर

नोटीस गेल्यावर किंवा पहिल्या-दुसऱ्या तारखेला कंपनी बोलायला येते, असं बऱ्याचदा होतंय. फुकट एक्सटेंडेड वॉरंटी, दोन-तीन सर्व्हिस फ्री, इंजिन असेंब्ली बदलून, किंवा बायबॅक. इंजिन बदलून देत असतील तर आरसीवर नवीन इंजिन नंबर चढवायचं काम कोण करणार आणि खर्च कुणाचा ते लिहून घ्या, आरटीओचे हेलपाटे तुमच्या वाट्याला येतात. ‘फुल अँड फायनल’ लिहिलेल्या कागदावर काम होण्याआधी सही नको.

गाडी परत घेत असतील तर आधी बँकेचं लोन कोण कधी फेडणार, आरसीवरचा बँकेचा बोजा काढायचा फॉर्म ३५ कधी येणार, मालकी बदलायच्या फॉर्म २९-३० वर नाव कुणाच्या नावे जाणार, ते मेलवर पक्कं करा. आरसीवर तुमचं नाव असेपर्यंत ती गाडी कुणी ठोकली तर जबाबदारी तुमच्यावर येते. चावी देताना तारीख, वेळ आणि किलोमीटर घातलेली पोच घ्या, फोनचं पेअरिंग आणि गाडीच्या ॲपमधलं अकाउंट डिलीट करा, इन्शुरन्सचा नो क्लेम बोनस राखून ठेवायचं पत्र मागा. आणि काचेवरचा फास्टॅग बंद करा, नाहीतर त्यांचा ड्रायव्हर कोल्हापूरला गाडी नेताना कोगनोळी टोलचे पैसे तुमच्याच खात्यातनं कटतील.